बिराजदार सर कॅमेरा बघतात

आमच्या ह्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं आणि आवराआवर आली माझ्या गळ्यात. टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या असलं दुकान. नांदेडात, वजिराबादेत. मोठमोठी शोरूमं आल्यापासून गिऱ्हाईक आमच्याकडं फक्त भाव विचारायला यायचं आणि पंख्याखाली घाम वाळवून निघून जायचं. तर काचेच्या कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात एक शूटिंगचा कॅमेरा निघाला. राखाडी, छोट्या कॅसेटचा. तो कधी विकलाच गेला नव्हता. पण हातात अडकवायचा पट्टा मात्र आतून झिजून गुळगुळीत झालेला, एका बाजूची शिवण उसवलेली. ह्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "हा तुमच्या सरांनी झिजवला." भंगारवाला दारात उभा होता, पण त्याच्या पोत्यात काही टाकला नाही. बाजूला ठेवून दिला.

तुमचे सर म्हणजे बिराजदार सर. आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. मी मराठी शिकवायची. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्या मध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, तेही वरून उघडं. त्यामुळे माझ्या कविता त्यांच्या पोरांना आणि त्यांची घनमुळं माझ्या पोरांना वर्षानुवर्षं फुकटात मिळत आली. उंच माणूस, जरा पुढं वाकलेला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला शाईचा डाग. वर्गात एकदम शुद्ध बोलायचे, पुस्तकातल्यासारखं, आणि पायरी उतरले की औशाकडची बोली सुरू. स्टाफरूममध्ये खुर्ची कायम दाराजवळची. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, कुणाच्या घरी चहाला गेले तरी दाराजवळ. नव्या हेडमास्तरांनी एकदा म्हटलं, "सर, आत बसा ना, पंख्याखाली." तर म्हणाले, "इथं वारं बरं लागतंय." वारं कसलं लागतंय नांदेडात एप्रिल महिन्यात!  पण लातूरकडच्या भूकंपात ह्या माणसाचं काय काय गेलं हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. दोन लेकरं आणि आई. एवढं माहीत असल्यावर माणूस खुर्चीवरून वाद घालत नाही.

वस्तू निवडण्यात मात्र सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळेत कुणाला काही घ्यायचं झालं की, "बिराजदार सरांना न्या." कूलर घ्यायचा, सरांना न्या. पोराला सायकल, सरांना न्या. माझ्या जावेच्या पोरीच्या रुखवतातला मिक्सर त्यांनीच निवडला. दुकानदार बडबडत असताना हे मागून हात घालून मोटरचा वास घ्यायचे, झाकण तीनदा लावून काढायचे, आणि मग, "हा घ्या, हा दहा वर्सं बोलत न्हाई." विषय संपला. कूलर असो का गॅसची शेगडी, सरांना कधी दुसऱ्या दुकानात जावं लागलं नाही.

आणि हाच माणूस शूटिंगचा कॅमेरा निवडायला बसला तो बसलाच.

भूकंपानंतर त्यांच्या घरात मुलगी झाली, शीतल. ती रांगायला लागली तेव्हा एका रविवारी सर आमच्या दुकानात आले आणि ह्यांना म्हणाले, "शेठ, घरगुती शूटिंगचा एखादा कॅमेरा दाखवा. लई भारी नको. मास्तराला परवडंल असा." त्या काळात नांदेडात असली वस्तू कोण मागणार? लग्नातले शूटिंगवाले खांद्यावर घ्यायचे ते मोठे कॅमेरे हैदराबादेहून यायचे. पण आमच्या ह्यांचा स्वभाव असा की नाही म्हणायला जीभ वळत नाही. त्यांनी खटपट करून एक छोटा मागवला, तोच हा राखाडी. सरांसाठीच मागवला. सर आले, बघितला, हरखून गेले, आणि म्हणाले, "बघू की. घाई कुणाला हाय?"

मग दर रविवारी. काउंटरवर चहा यायचा, कपाटातून कॅमेरा निघायचा, सर पट्ट्यात हात घालायचे. कोपर पोटाशी घट्ट, श्वास रोखून, रस्त्याचं शूटिंग. समोरचा केळेवाला, उभी रिक्षा, नळावर भांडणाऱ्या बाया. मग कॅमेरा आमच्याच टीव्हीला जोडून बघायचं. आणि मग सवाल. ह्याच्या कॅसेटी नांदेडला मिळतेत का हैदराबादला जावं लागतंय? आमच्या घरात एकच ट्यूबलाइट हाय, तेवढ्या उजेडात माणसाचं तोंड ओळखू येतंय का? लाइट गेली तर बॅटरी किती दम काढती? बिघडला तर खोलणारा कोण हाय? शेजारच्या दुकानात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे अजीजभाई होते, ते हाक मारून सांगायचे, "मास्टरसाब, ले तो लो! बिगड्या तो मैं हूँ ना." सर हसायचे. "अजीजभाई, तुमी हायत म्हणूनच तर भेव वाटतंय."

एकदा एक तरणा विक्रेता, कुठल्याशा कंपनीचा, आमच्या दुकानात येऊन सरांना नव्या कॅमेऱ्याचा झूम समजावून सांगू लागला. इतका झूम आणि तितका झूम. सर म्हणाले, "ह्यातला काचेचा कोणता आन पाणी घातलेला कोणता?" त्याला कळेना. मग सरांनीच त्याला दाखवलं की काच पुढं सरकून जवळ आणते ते खरं, बाकीचं नुसतं चित्र ताणायचं काम, केळेवाल्याच्या जागी पिवळे चौकोन दिसायला लागतात. शेवटी उठताना म्हणाले, "आवाज मात्र बरा धरतोय बरं का." आवाजाचं त्यांना फार. कॅमेरा आपलाच श्वास धरतो का समोरच्याचं बोलणं, हे ते कान लावून ऐकायचे.

आणि मग, "बघू की."

आमचे हे माहूरकडचे. त्यांचा संताप सावकाश चढतो, पण चढला की उतरत नाही. "काय करून राहिले हो सर तुमचे? घेऊन नाही राहिले, सोडून नाही राहिले!" मी म्हणायची, नका दाखवू मग. पण पुढच्या रविवारी हेच उठून कपाट उघडायचे. वर्षं गेली. छोट्या कॅसेटीचे गेले, त्याहून बारक्या कॅसेटीचे आले. ते जाऊन तबकडीवाले आले, सर तबकडी बघून आले. मग चिपवाले. दर वेळी किंमत उतरायची, आणि दर वेळी सरांचं एकच, जरा अजून बघू. मला वाटायचं, चिकट माणूस आहे, दुसरं काय. पगार एवढा सगळा, घरात तिघं, आणि खिशात हात जात नाही. स्टाफरूममध्ये तर टवाळी चालायची, "सर, शीतलच्या लग्नापर्यंत तरी घ्या!" तेही हसायचे आमच्याबरोबर.

ते का घेत नव्हते ते मला कळलं स्नेहसंमेलनात. आणि तेही आधी सरांनी नाही, कॅसेटनं सांगितलं.

शाळेनं त्या वर्षी कॅमेरा भाड्यानं आणला होता आणि चालवायला अर्थातच बिराजदार सर. सरांचं तोंड त्या दिवशी बघायला हवं होतं. नवरदेवासारखे नटले होते, नवा शर्ट काय, केस चोपून काय! पण पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि सरांचा कॅमेरा फिरला मागं. पडद्याआड दाढी चिकटवून घेणारा शिवाजी, पिना तोंडात धरून उभ्या बाया, कुणाची तरी चप्पल हरवली म्हणून रडणारं पोरगं, पुढच्या रांगेत पेंगणारी म्हातारी. नंतर हेडमास्तरांनी कॅसेट लावली तेव्हा पाहुण्यांचं भाषण त्यात मिनिटभरसुद्धा नव्हतं. हेडमास्तर लालबुंद. "बिराजदार, पाहुणे कुठायत?" सर म्हणाले, "पाहुणे काय सर, पुढच्या वर्सी बी असेच दिसतेत." आम्ही पोट धरून हसलो. त्या कॅसेटमध्ये आमची पोरं जशी होती तशी आहेत. दुसऱ्या कुणाला असं जमलं नसतं.

तिसरीच्या पोरींचा नाच आला. सहा पोरी होत्या, मीच बसवला होता. पडद्यावर मोजल्या तर पाच. मला वाटलं, माझं चुकतंय. मग लक्षात आलं, डावीकडच्या कडेला एक बारीक हात येतोय आणि जातोय. बांगड्या भरलेला, लचकत. नुसता हात. पोरी जागा बदलत होत्या, तसा कॅमेराही सरकत होता, आणि दर वेळी ती एक पोर नेमकी बाहेर. इतकं नेमकं चुकून होत नाही. ती शीतल होती.

मला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी झाली तसं मी सरळ विचारलं, "सर, स्वतःच्या लेकीला तेवढी कापली?"

सर डबा खात होते. भाकरीचा घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "बाई, कुणापाशी बोलू नका."

आणि सांगितलं. गणपतीचे दिवस होते. सर इथं नांदेडला एकटे राहायचे; वहिनी, म्हणजे सरांची बायको, आणि लेकरं गावाकडं आजीजवळ. सुट्टीत गेले आणि दोघांना नवे कपडे घालून औशाला स्टुडिओत घेऊन गेले. वहिनी नको म्हणत होत्या. सणासुदीचं लेकरं नटलेली असतात, नजर लागते, नंतर काढा. "मी हसलो तिला. विज्ञानाचा मास्तर ना मी." फोटो काढला. मग दोघं नवराबायको नांदेडला आले खोली बघायला, कारण दिवाळीनंतर लेकरांना इथल्या शाळेत घालायचं होतं. लेकरं यायला तयार नव्हती. गल्लीतला गणपती बुडवल्याबिगर ती कुठली हलतात! म्हणून ती राहिली. गणपती बुडवला त्याच रात्री भूकंप झाला.

"स्टुडिओवाल्यानं मागून मला रस्त्यात हाक मारून फोटो दिला," सर म्हणाले. "बारकी समोर बघायली, चांगली हसायली. पर थोरल्याचे डोळे मिटलेले. नेमकं त्याच वक्ताला मिटले. माझ्याकडं माझ्या पोराचा एकच फोटो हाय, बाई, आन त्यात त्यो डोळे मिटून उभा हाय." डबा बंद केला. "शूटिंगमधी तसं होत न्हाई. मिटले तर लगी उघडतेत."

 मी म्हटलं, "मग घ्या ना सर कॅमेरा. कुणाची वाट बघताय?"

"हिची. शीतल झाली तवाच हिनं सांगितलं, ह्या लेकराचा फोटो न्हाई, शूटिंग न्हाई, काई न्हाई. नजर-बिजर काई नसती, त्ये तिला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. पर एकदा तिनं नको म्हनलं आन मी ऐकलं न्हाई. आता दुसऱ्या खेपेला कसं न ऐकू?"

"मग दर रविवारी दुकानात येऊन..."

"बघून ठेवायलो. आज न्हाई उद्या हाव म्हनंल की ती. तवा घाईघाईत भलताच कॅमेरा घरात नको यायला."

त्या दिवसानंतर मी दुकानात सरांची टवाळी करू दिली नाही. फक्त ह्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी ह्यांनी सर यायच्या आधीच कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून ठेवली.

वहिनींना मी ओळखत होते, पण अशी वरवर. ठेंगणी, काटक बाई, बोलायला फटकळ. शीतल त्यांना उलट्या ऑपरेशननंतर झाली. दोन लेकरांवर ऑपरेशन झालेलं होतं. भूकंपानंतर त्या भागातल्या कितीतरी बायांनी परत ऑपरेशन करून नस जोडून घेतली, कारण घरात रडायलासुद्धा लेकरू उरलं नव्हतं. सगळ्यांना यश आलं असं नाही. वहिनींना आलं. मग ती पोर त्यांनी कशी वाढवली असेल हे सांगायला नको. रस्ता ओलांडताना पोरीचं मनगट असं धरायच्या की वळ उठायचे. ती आठवीत गेली तरी धरायच्याच.

एकदा हळदीकुंकवाला गेले होते. शीतल दहावीत असेल. बोर्डाच्या फॉर्मला फोटो लागतो म्हणून वहिनींनी एक फोटो काढू दिला होता, आणि चिकटवायच्या आधी त्याच्या प्रतींवर पोरीच्या गालावर काजळाचं बोट टेकवलं होतं. शाळेच्या क्लार्कनं फॉर्म परत पाठवला, फोटो खराब आहे म्हणून. वहिनी माझ्यापुढं हळदीकुंकवाचं ताट तसंच ठेवून भांडायला बसल्या, जणू मीच क्लार्क. मी म्हटलं, "वहिनी, एवढी हुशार पोरगी तुमची. तिला किती वाईट वाटत असेल. वर्गातल्या सगळ्यांचे वाढदिवसाचे फोटो आहेत."

"तुमाला वाटतंय मी अडाणी हाव," वहिनी म्हणाल्या. "मला कळतंय बाई. फोटोनं भिंत पडत न्हाई. मला सगळं कळतंय. पर मी एकदा हाव म्हनलं आन मग काई झालं, तर मी कुठं तोंड दाखवू? ह्यांला तर कुणी तरी होतं नको म्हनणारं. मला कोण हाय?"

शीतल आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, मी कधी लहान होते हे मला दाखवायला तुझ्याकडं एकपण फोटो नाही." भांडून नाही, अगदी साधं म्हणाली. वहिनींनी तिच्याकडं न बघता मला कुंकू लावलं.

खरं सांगते, मला ह्या घराचा थकवा यायचा. दोघंही खरे, दोघंही चांगले, आणि मधल्यामध्ये ती पोर पंधरा वर्षांची झाली. चालायला कशी शिकली, पहिला दात कसा पडला, बोबडं काय बोलायची, सगळं कुणाच्या तरी डोक्यात आहे आणि डोकी म्हातारी होतायत. मी उठून आले.

दहावीत शीतलनं चांगले मार्क काढले. आमच्या भागात चांगले मार्क पडले की पुढचा रस्ता एकच, लातूर. आधी सगळा मुलूख भूकंपानं लातूरला ओळखायचा, मग क्लासेसनी ओळखायला लागला. अकरावीला पोर घातली की आई बरोबर जाते, दोन वर्षं खोली करून राहते, पोराला गरम खायला घालते. बाप गावाकडं नोकरी करतो आणि शनिवारच्या गाडीनं जातो. तशा वहिनी लातूरला गेल्या. सर इथं एकटे राहिले. रविवारचं दुकान सुटलं, कारण रविवारी ते लातूरला असायचे. ह्यांना चुकल्यासारखं व्हायचं. कधी मधल्या वारी आले तर कपाटाकडं नुसतं बघायचे. मी विचारायची, "वहिनी काय म्हणतात?" सर म्हणायचे, "बारावी होऊ द्या. मग विचारतो." दोन वर्षांत माणूस बराच उतरला. डबा स्वतःच करायचे, भात आणि काहीतरी. कधी कधी नुसता भातच.

शीतल डॉक्टरकीला लागली. पहिल्या झटक्यात, सरकारी कॉलेजात. शाळेत पेढे वाटले. सर पेढा देताना म्हणाले, "बाई, आता ती लांब जाईल. औंदा विचारतोच."

त्याच सुमारास मी माझ्या धाकट्या मुलाची अकरावीची ऍडमिशन करायला त्याला घेऊन लातूरला गेले होते. शीतलच्याच क्लासमध्ये. बाहेर चौकात सगळीकडं फलक, यशवंतांचे चेहरे, खांबा-खांबावर. आणि क्लासच्या समोर, दोन मजल्यांएवढ्या फ्लेक्सवर, एकटी शीतल. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला तोच तो फोटो, काजळ न लावलेली प्रत, क्लासवाल्यांनी मोठी केलेली. एवढा मोठा की कानातलं डूलसुद्धा ताटाएवढं. मी बघतच राहिले. पहिली गोष्ट मनात आली ती हीच, वहिनींनी हे बघितलं का?

बघितलं होतं. मी ऑफिसात रांगेत उभी होते तोवर वहिनी आत आल्या. मागं सर, त्यांच्या मागं शीतल. वहिनी भाजीची पिशवी घेऊन तशाच आल्या होत्या, श्वास लागलेला. टेबलामागं क्लासचे संचालक बसले होते. त्यांना वाटलं, आईवडील आभार मानायला आले. उठून उभे राहिले बिचारे.

"त्यो फोटो काढा," वहिनी म्हणाल्या.

"कुठला?"

"बाहिरचा. माझ्या लेकीचा. आत्ताच्या आत्ता काढा. रस्त्यानं येणारा जाणारा बघायला तिला, सगळं गाव बघायलं. कुणाला इच्यारून लावला तुमी?"

संचालकांना कळेचना. "ताई, अहो इथं पालक भांडायला येतात, आमच्या पोराचा फोटो बारीक का म्हणून. आणि तुम्ही..."

"मग त्यांचे लावा की मोठे!"

रांगेतले सगळे बघायला लागले. कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं, मी त्या माणसाला म्हटलं, "हसू नका हो." मला सर दिसले तेव्हा ते दाराजवळ उभे होते, नेहमीसारखे. 

शीतल पुढं आली. "आई, दोन दिवस राहू दे. एवढा एक राहू दे ना गं माझा." तिचा आवाज फुटला. "माझा एकच मोठा फोटो आहे जगात आणि तोपण काढायला लावतेस तू."

वहिनींनी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "तू लांब चाललीस शीतल. मी बरूबर न्हाई आता. तितं काई झालं तर मी काय करू? सांग, मी काय करू?" बस, एवढंच बोलल्या. शीतलनं डोळे पुसले आणि संचालकांना म्हणाली, "सर, काढा फलक." संचालक म्हणाले, माणसं उद्या सकाळी येतील, त्याआधी शिडी मिळणार नाही. वहिनी चालेल म्हणाल्या.

आम्ही जिना उतरलो. मीही धाकट्याला रांगेत ठेवून त्यांच्याबरोबर उतरले, ऍडमिशन राहिली तशीच. खाली ऊन रणरणत होतं. सर पायरीवर थांबले आणि वर फलकाकडं बघत राहिले, मान मागं टाकून. बराच वेळ.  वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या, मग म्हणाल्या, "लईच वाटत आसंल तर त्याचं घ्या शूटिंग."

सर वळले. "काय म्हनलीस?"

"त्या फलकाचं. त्यो कागूद हाय, कापड हाय. त्याला काय हुतंय? घ्या. पोरीचं न्हाई. पोरीला मधी आणायचं न्हाई."

सरांनी मला म्हटलं, "बाई, चला. कॅमेरा घ्यायचाय." मला वाटलं, आता रात्र होईल. तिथंच कोपऱ्यावर एक दुकान होतं. सर आत गेले, काउंटरवर समोर होता तो चिपवाला कॅमेरा उचलला, म्हणाले, "हा द्या." ट्यूबलाइटचं विचारलं नाही, बॅटरीचं विचारलं नाही, झूम कसला ते बघितलं नाही. दुकानदार खोका शोधत होता तर म्हणाले, "खोकं राहू द्या." मी मात्र तो दुकानात खोलून चालू करून घ्यायला लावला. 

परत चौकात आलो. सर रस्त्याच्या अलीकडं उभे राहिले, पट्ट्यात हात घातला, कोपर पोटाशी धरलं. बाजूनं ऑटो, जीपा, क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली. सर फलकाचं शूटिंग करायला लागले. आधी पूर्ण फलक, मग हळूहळू जवळ. मी बघत होते आणि मला इतका राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. कारण शीतल माझ्या शेजारी उभी होती. जिवंत, हातभर अंतरावर, घामानं ओली, आईची भाजीची पिशवी धरून. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते मागं सारत होती. नाक ओढत होती, मधेच हसत पण होती बापाकडं बघून. एवढं सगळं चाललेलं. आणि तिचा बाप तिच्याकडं पाठ करून एका कापडाचं शूटिंग घेत होता, जे हलत नव्हतं. अठरा वर्षं थांबून.

"सर," मी म्हटलं, "जरा इकडं फिरवा ना." मी हळूच म्हटलं, वहिनींना ऐकू जाणार नाही असं.

सरांनी मान हलवली. नाही.

मग ते थांबले. कॅमेरा डोळ्यापासून लांब धरला, जवळ आणला, हाताचा आडोसा केला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ऊन पडत होतं, त्यांना काही दिसत नव्हतं. एका हातानं धरायचं आणि एका हातानं सावली करायची, जमेना.  सर रडत होते, पण तसे उभे राहिले, कोपर पोटाशी धरून.

वहिनी इतका वेळ फलकाकडं पाठ करून उभ्या होत्या. त्या आल्या. सरांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढं ताणून त्या बारक्या पडद्यावर सावली धरली. टाचा उंच करून उभ्या होत्या, सर उंच ना. सावलीत आता दोघांची डोकी जवळ आली, आणि पडद्यावर काय आहे ते वहिनींनाही दिसलं असणार. मान फिरवली नाही त्यांनी.

"दिसायली का?" वहिनींनी विचारलं.

"हाव," सर म्हणाले. "दिसायली."

"मग घ्या. नीट घ्या."

माझ्या धाकट्याचा फोन आला, ऑफिस बंद होतंय म्हणून. मी वळून जिना चढले. वरून एकदा बघितलं, तर अजून तसेच उभे होते.